डोळ्यांभोवतीचं पांढरं

माझ्या तोंडाला काय लावायचं, हा विषय एका उन्हाळ्यात आमच्या घरच्या बैठकीत निघाला आणि मी सोडून सगळे त्यावर बोलले. आई बोलली, मामा बोलले, मानोरा तालुक्यातून आलेले पाहुणेही बोलले. तोंड माझं होतं, पण लग्न धाकट्या बहिणीचं होतं. त्यामुळे तेवढ्या काळापुरता माझ्या तोंडावर माझा एकटीचा हक्क राहिला नव्हता.

आधी तोंडाचं सांगते. मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करते. आमच्या पदाचं नाव मध्ये बदललं, ऊन तेच राहिलं. मी नवऱ्याबरोबर रिसोडला राहते आणि माझ्याकडची गावं केनवडच्या बाजूची आहेत. सकाळी स्कूटी काढायची आणि कोणाच्या तरी शेतात जाऊन उभं राहायचं. कधी बियाण्याची उगवण तपासून दाखवायची, कधी कीड, कधी पंचनामा. सावली पाहून काम करायची सोय आमच्या खात्यात नाही, आणि सोयाबीनला सावली असते तरी केवढी!

आमच्याकडच्या सगळ्या बाया बांधतात तसा मीही स्कार्फ बांधते. कपाळ, गाल, नाक, हनुवटी सगळं आत. बाहेर फक्त डोळे आणि डोळ्यांभोवतीची थोडी कातडी. वरून सनकोट आणि हातमोजे. या अवतारात बाई ओळखू येत नाही. माझा सख्खा नवरा एकदा रिसोडच्या स्टँडवर दुसऱ्याच बाईच्या गाडीमागे "थांब वं, थांब वं" करत गेला होता. ती बाई थांबली आणि तिने त्याला जे ऐकवलं ते मी लांबून पाहिलं. ऐकू आलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

एवढं बांधूनसुद्धा दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर आणि नाकावर वांगाचे डाग आले. शेतातल्या बाया पाहून न पाहिल्यासारखं करत नाहीत. "मॅडम, तोंड काहून काळं पडून राह्यलं?" असं पहिल्याच आठवड्यात तीन गावांत विचारून झालं. कोणी बटाट्याचा रस सांगितला, कोणी कोरफड. एकीने सांगितलं की मेडिकलवर एक ट्यूब मिळते, तिची नणंद आठ दिवसांत उजळली.

मी ती ट्यूब आणली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरीप आला की मी गावोगाव सभा घेऊन सांगते, दुकानदार देईल ते औषध घेऊ नका, लेबल वाचा, आत कोणता घटक आहे ते पाहा. आणि मी स्वतः मेडिकलवाल्याने काउंटरवरून सरकवलेली ट्यूब लेबल न वाचता तोंडाला चोपडली. नणंद उजळली तशी मीही आधी उजळले. मग उन्हात उभं राहिलं की तोंडाची आग व्हायला लागली, आणि गाल लाल होऊन डाग आधीपेक्षा गडद दिसायला लागले.

वाशीमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ती ट्यूब हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"कोणी दिली?"

"मेडिकलवाल्याने."

"तुम्ही काय करता?"

"कृषी खात्यात आहे. शेतकऱ्यांना औषधांचं मार्गदर्शन करते."

त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की यात स्टिरॉइड आहे, हे सांगतो तसं हळूहळू बंद करायचं आणि उन्हात जायचं नाही. मी हसले. तेही हसले, कारण बाहेर चव्वेचाळीस अंश होतं आणि त्यांच्या खोलीत एसी होता. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांनाही कळत होतं. मग म्हणाले, जावंच लागणार असेल तर रोज सनस्क्रीन लावा, ढग असले तरी लावा, नुसत्या स्कार्फवर विसंबू नका. डागांवरचं औषध त्यानंतर. सनस्क्रीन नसेल तर ते औषध वाया जाईल.

तिथून निवडीला सुरुवात झाली. पहिली आणली ती जेल होती. लावली की कळतही नव्हती, म्हणून मी खूश. पण स्कार्फच्या आत घाम सुटला की ती घामाबरोबर डोळ्यांत उतरायची आणि डोळे असे चुरचुरायचे की समोरची बैलगाडी दोन दिसायची. फवारणीच्या भाषेत सांगायचं तर औषध चांगलं, पण ते पानाला चिकटवणारं स्टिकर कमी पडलं. दुसरी घट्ट होती. ती डोळ्यांत गेली नाही, पण तोंडाला तेल लावून धुळीत लोळल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी तोंडावर अर्धं शिवार घेऊन मी घरी यायचे. तिसरी रंगाची होती, म्हणजे कातडीच्या रंगात मिसळून जाणारी. तिच्यात तीन रंग होते, गोरा, त्याहून गोरा आणि गव्हाळ. माझा रंग त्या कंपनीला माहीतच नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी झिंकवाली दिली. ती चुरचुरली नाही, घामात वाहिली नाही. आग थांबली. महिन्याभरात डाग फिके पडायला लागले. एकच भानगड होती, ती पांढरी दिसायची. माझ्या सावळ्या तोंडावर ती राख फासल्यासारखी बसायची. त्यात गालावरची स्कार्फने पुसली जायची, म्हणून मी जी जागा उघडी राहते तिथे, डोळ्यांभोवती, जास्त थापायचे. उघड्या जागेला औषध जास्त लागतं, एवढं मला धंद्यामुळे कळत होतं. कशी दिसते याचा विचार मी सोडून दिला होता. मला दिवसभर डोळे उघडे ठेवता येत होते आणि तोंड पेटत नव्हतं, यात मी सुखी होते.

गावांत थट्टा झाली. "मॅडम, भाकरी थापता थापता आल्या काय?" मी म्हणायचे, "हाव, तुमच्यासाठी दोन ठेवल्या डब्यात." थट्टा चार दिवस टिकली आणि विरली. निदान मला तसं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात धाकटीचं जमत आलं होतं. ती माझ्याहून बरीच लहान. रिसोडच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि केनवडहून जाणं-येणं करते. बाबा गेल्यापासून केनवडच्या घरी ती आणि आई दोघीच. स्थळ मामांनी आणलं होतं, पोहरादेवीच्या अलीकडचं गाव. मुलगा नोकरीला, घरची थोडी शेती, माणसं बरी. मुलाला आई नव्हती, आत्याने वाढवलेला. पहिल्यांदा आले तेव्हा पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत जीप अडकली म्हणून दुपारी यायचे ते तिन्हीसांजेला पोहोचले आणि तरी हसत आले. मुलाने धाकटीला विचारलं की रक्त काढताना तुमचा हात कापत नाही का. ती म्हणाली, माझा नाही कापत, समोरच्याचा कापतो. तो मनापासून हसला. मी त्या दिवशी कामावर होते, हे मला धाकटीनेच सांगितलं. त्यानंतर दोघांचे फोन सुरू झाले. धाकटी भाकरी करताना फोन डब्याला टेकवून ठेवायची, आणि आई आत आली की भाकरीकडे फार लक्ष द्यायची.

मग त्यांच्याकडून निरोप येणं थांबलं. मुलगा फोनवर बोलायचा, पण तारखेचं काढलं की "घरी इचारतो" म्हणायचा. एके दिवशी मामा आले, पाणी प्यायले आणि थेट माझ्याकडे पाहत म्हणाले, "पोरी, तुले कोड आहे काय?"

मला आधी कळलंच नाही. मामांनी समजावून सांगितलं. आत्याच्या नात्यातलं कोणीतरी केनवडच्या बाजाराला येतं. त्याने मला पाहिलं होतं. मुलीची मोठी बहीण आहे, सरकारी नोकरीत आहे, बारा महिने तोंड बांधून फिरते, आणि डोळ्यांभोवती पांढरं आहे. कोड डोळ्यांभोवती आणि ओठांभोवतीच आधी निघतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. बाई तोंड का झाकते? कोड लपवायला. झालं, हिशेब जुळला. ज्या गावांत सगळ्याच बाया तोंड बांधून फिरतात तिथे माझंच तोंड संशयाचं ठरलं.

"मामा, क्रीम आहे ते."

"मले समजते वं. त्यायले कसं समजन? ते म्हनतात, आमी पत्रिका पाहत नाही, हुंडा घेत नाही, पण घरात कोड असलं त पुढच्या पिढीत येते."

आम्ही बौद्ध. पत्रिका आमच्याकडेही पाहत नाहीत आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पत्रिका पाहायची नाही, पण चामडी पाहायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. बोलले मात्र नाही. धाकटी दारात उभी होती.

मामा गेल्यावर आई म्हणाली, "दोन महिने नको लावू ते. लगन होऊन जाऊ दे. मंग तोंडाले चुना फास का डांबर फास, मी काही म्हनत नाही."

"आई, डाग वाढतील. पुन्हा आग होईल."

"डागानं कोनाचं लगन मोडत नाही."

ते खरंच होतं. मी हो म्हटलं. पाहुणे बोलणी करायला पुन्हा येणार होते, तोवर मी क्रीम बंद ठेवलं आणि स्कार्फ दुहेरी केला. आठवडाभरात गाल पुन्हा तडतडायला लागले. रात्री मी ओला रुमाल तोंडावर घेऊन झोपायचे. नवरा म्हणाला, तुझ्या बहिणीचं लग्न झालं की तुझं तोंड मी परत मागून आणतो. तो थट्टाच करत होता, पण मला रडू आलं. मला माझ्या तोंडाचा राग आला होता, आईचाही आला होता, आणि ज्याचा यायला हवा त्या बाजारातल्या माणसाचं तर नावही मला माहीत नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळीच केनवडला जाऊन बसणार होते. पण आदल्या दिवशी वादळ झालं, संत्र्यांच्या बागा झोपल्या आणि पंचनाम्याचा आदेश आला. भर उन्हात बागेत फिरायचं होतं आणि गाल तर आधीच सोललेले. मी गाडीच्या डिकीतली ट्यूब काढली आणि लावली. मनात म्हटलं, घरी पोहोचल्या पोहोचल्या मागच्या दाराने जाऊन धुऊन टाकू. पंचनामा लांबला. मी पोहोचले तेव्हा दारात जीप उभी होती आणि बैठकीतून मामांचा आवाज येत होता.

मी गाडी लांब लावून परसात गेले. टाकीजवळ बादली होती, पाण्याचा मग होता. स्कार्फ सोडला, मगात पाणी घेतलं, आणि मागे वळून पाहते तर आत्या उभी. ठेंगणी, सुती लुगडं नेसलेली, पन्नाशीची बाई. मागच्या दारातून ती माझ्याच पाठी आली होती. लपवाछपवी तिने काही केली नाही. सरळ माझ्या डोळ्यांभोवती पाहत म्हणाली,

"हेच काय ते?"

"आत्याबाई, हे क्रीम आहे. उन्हाचं. डॉक्टरनं दिलं."

"असन. मी नाही कुठं म्हनते? तुमी एकदा धुऊन दाखवा माह्यापुढं. डोयानं पाह्यलं की मन निश्चिंत होते. माय नाही त्या पोराले, उद्या सारे मलेच बोल लावतीन."

तिचा मला राग आला नाही. ती चोरून पाहत नव्हती, मागे बोलत नव्हती, समोर उभी राहून विचारत होती. आणि मी तशीही धुणारच होते. एक मगभर पाणी, तेवढ्यात सगळं मिटणार होतं. मी वाकले.

"ताई, धुऊ नको."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात होती. साडी नेसलेली, हाताला चहाच्या पातेल्याचा फडका.

"तू आत जा वं," मी म्हटलं.

ती आत गेली नाही. टाकीपर्यंत आली आणि आत्याला विचारलं, "आत्याबाई, हिले खरंच कोड असतं त?"

आत्याने थोडा विचार केला. "त आमी आज आलोच नसतो, पोरी. खोटं कायले बोलू."

"मंग आहे असंच समजा."

तिने माझ्या हातातला मग घेतला आणि पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून दिलं. एवढंच तिने केलं. आवाज चढवला नाही. मी मात्र ओरडले, "येडी झाली काय तू!" आणि बादलीकडे धावले. तिने माझा दंड धरला. रोज लोकांचे दंड धरणारा हात तो, सुटेना. आत्या दोघींकडे पाहत राहिली. तिलाही हे अपेक्षित नव्हतं. तिने पदर सावरला, "बरं बाई" म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर बैठकीत जे झालं ते पटकन झालं. आत्याने भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, खूण केली. मामा उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मुलगा खाली पाहत होता. धाकटी चहा घेऊन गेली, सगळ्यांच्या हातात कप दिले, त्यालाही दिला. त्याने वर पाहिलं नाही. चहा अर्धा ठेवून ते निघाले. जीप वळेपर्यंत आई दारात उभी होती, कोणीतरी परत येईल अशी.

मामा तडतड बोलून निघून गेले. आई आत येऊन भिंतीला डोकं टेकून बसली आणि आमच्या दोघींकडे पाठ केली.

मी धाकटीवर तुटून पडले. इतक्या वर्षांत बोलले नव्हते इतकं बोलले. आठ दिवस तोंड जाळून घेतलं ते कोणासाठी? एक मग पाणी जड झालं का? कसली एवढी ऐट? ती कप विसळत होती. सगळे कप विसळून पालथे घातल्यावर म्हणाली,

"मले आवडला होता तो."

मी पालथा घातलेला एक कप उगाच पुसायला घेतला.

"तू धुतलं असतं त त्यायनं हो म्हटलं असतं. मी गेली असती त्या घरात. मंग माह्या लेकराच्या आंगावर एक डाग निघाला असता, शिबं निघालं असतं, त मी काय केलं असतं? त्याले घेऊन टाकीपाशी उभी राह्यली असती, धुऊन दाखवाले?"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. ती लॅबमध्ये रिपोर्ट देताना असंच बोलते, मी ऐकलंय. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की दोन्ही एकाच वेळी छातीत मावेनात. मी तिला जवळ घेतलं. तिच्या साडीच्या खांद्याला माझ्या तोंडाचं पांढरं लागलं.

तासभर झाला, त्याचा फोन आला नाही. तिने एक केला. त्याने उचलला आणि म्हणाला, आत्याचं ऐकावं लागते. तिने "ठीक आहे" म्हटलं आणि फोन बाजूला ठेवला.

उन्हं कलायला अवकाश होता, पण मला पंचनाम्याचे कागद रिसोडला पोहोचवायचे होते. तोवर रडून आणि पुसून तोंडावरचं सगळं गेलं होतं. मी स्कार्फ घेतला आणि तशीच निघाले. भिंतीकडे तोंड करून बसलेली आई दुपारपासून पहिल्यांदाच बोलली.

"लावून जाय ते."

मी थांबले.

"लाव म्हनते ना. आता कोनाचं भेव राह्यलं?"

मायेने म्हणाली असं मला म्हणता येणार नाही. तिचा आवाज कडू होता. तिची एक लेक दुपारी स्थळ घालवून बसली होती आणि पुढचं स्थळ शोधताना ही गोष्ट त्याच्या आधी पोहोचणार होती, हे तिला आमच्याहून जास्त कळत होतं. तरी ती बोलली. मी ट्यूब काढली आणि तिच्यासमोर लावलं. नेहमीपेक्षा जास्तच लागलं.

बाजाराचा दिवस होता. केनवडहून रिसोडला निघायचं तर बाजाराच्या कडेनेच जावं लागतं. मी स्कार्फ हँडलला बांधला आणि तोंड उघडं ठेवून गाडी काढली. भाजीवाल्या, कपड्यांचे गठ्ठे, मिरच्यांची पोती, सगळ्यांच्या मधून, अगदी हळू. दोघीतिघींनी मान वळवून पाहिलं. ओळखीची एक बाई म्हणाली, "मॅडम, तोंड नाही बांधलं आज?" मी म्हटलं, "नाही बांधलं. पाहून घ्या." ती गोंधळून हसली. तो आत्याचा नातेवाईक त्या गर्दीत होता की नव्हता, मला माहीत नाही. असला तर त्याला पोटभर पाहायला मिळालं.

गाव मागे पडल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि स्कार्फ बांधला. ऊन अजून उतरलं नव्हतं.